सटवाईची वाट

आगीला दोन दारं लागतात. एक वारा आत घ्यायला आणि एक धूर बाहेर टाकायला. यातलं एक जरी बुजवलं तरी आग रुसते, आणि रुसलेली आग घरातल्या माणसांवर राग काढते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. माझे वडील रेल्वेत फायरमन होते, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचे. नंदुरबार स्टेशनाजवळच्या चाळीत आम्ही राहायचो, आणि ते कामावरून घरी आले की आईच्या चुलीलाही इंजिनासारखंच वागवायचे. आधी राख काढ, मग वारा बघ, मग काडी लाव. आई चिडायची. म्हणायची, तुमचं इंजिन स्टेशनात ठेवून येत जा. पण आमच्या घरात धुरानं कुणाचे डोळे कधी लाल झाले नाहीत, एवढं खरं.

एका थंडीत रुळाकडच्या फाटकावरचा माणूस त्याच्या खोपटात मेला. दाराच्या फटीत पोती कोंबून, आत कोळशाची शेगडी घेऊन झोपला होता. सकाळी गाडी शिट्ट्या मारत उभी राहिली तरी फाटकावर कुणी आलं नाही. लोक म्हणाले, त्याला भुतानं झोपेतच घेतलं. वडील स्वतः बघून आले आणि आम्हा सगळ्या पोरांना ओळीनं बसवून म्हणाले, भूत-बित काही नाही, कोळसा. लाकूड जळतं तेव्हा धूर होतो, डोळे चुरचुरतात, माणूस उठून बाहेर पळतो. पेटलेला कोळसा तसलं काही करत नाही. धूर नाही, वास नाही, नुसती गोड झोप येते. ती गोड झोप मी जन्मात विसरले नाही.

पुढे मी लग्न होऊन तापीकाठी गेले, प्रकाशा गावाच्या जवळच. सासर शेतकऱ्यांचं, कपाशी आणि ज्वारीचं. घर धाब्याचं, वर लाकडांवर मातीचं सपाट छप्पर, भिंती अशा जाड की आत बोललेलं बाहेर ऐकू यायचं नाही. आमचे हे शहाद्याला जिनिंगात कामाला होते, बाजाराच्या दिवशी घरी यायचे. घरात सासू, सासरे, मी आणि माझी दोन पोरं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई कामाला वाघ, मनानं मऊ, पण एकदा ‘असंच करतात’ म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी तसंच करणार. आणि मी कशी होते ते आता सांगायची गरज नाही. आमच्या दोघींच्या बोलण्याला सासरे ‘ज्वारीचं खळं’ म्हणायचे, कारण दोन बैल एकाच खुंट्याभोवती फिरतात आणि दोघांनाही वाटतं आपण पुढे आहोत.

लढाईचे दिवस होते तेव्हाची ही गोष्ट. माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, ऐन पौषात. तापीकाठचा पौष ज्यानं काढला नाही त्याला थंडी म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. नदीवरून वारा सुटला की हंड्यातल्या पाण्याला हात लावायची छाती होत नाही. त्यात बाळंतिणीची खोली ओसरीच्या पार टोकाला, काळोखी, एकच झरोका. रीत अशी की तो झरोका चिंध्यांनी बुजवायचा, दाराला गोधडी लावायची, बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची आणि सव्वा महिना वाऱ्याला आत पाय ठेवू द्यायचा नाही.

“बाळंतीननी खोली म्हनजे मडकं,” आत्याबाई म्हणायच्या. “तोंड बांधेलच ऱ्हावाले जोयजे.”

माझ्या दोन्ही बाळंतपणांना मी हट्टानं नंदुरबारला आईकडे गेले होते, त्यामुळे ही खोली मला बाहेरूनच माहीत होती. पण एक गोष्ट माहीत होती. आत्याबाईंची पहिली पोर ह्याच खोलीत गेली होती. ना ताप, ना काही. बाई एवढंच सांगायच्या की सटवाईनं तिच्या कपाळी तेवढंच लिहिलं होतं. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं सगळं आयुष्य लिहून जाते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आत्याबाई हे सांगताना रडायच्या नाहीत. निवडत असलेली डाळ निवडत राहायच्या.

मी मात्र ते ऐकलं तेव्हापासून मनात ठरवून टाकलं होतं, की माझ्या नणंदेला त्या मडक्यात शेगडी घालून मी निजू देणार नाही. नणंद माझ्याहून लहान, हसरी, मला ‘वहिनी’ म्हणून गळ्यात पडणारी. माझ्या पोरांना तिनंच चालायला शिकवलं. तिच्यासाठी मी सासूशी काय, गावाशी भांडले असते.

पण नुसतं भांडून उपयोग काय? थंडी तर खरीच होती. शेगडी नको म्हणायचं आणि बाळंतिणीला कुडकुडत ठेवायचं, हे कुणी ऐकलं नसतं आणि ऐकूही नये. ऊब हवी, पण शेगडीची घाण नको, असं काहीतरी पाहिजे होतं. मग मी आमच्या ह्यांच्या मागे लागले. जिनिंगात तेलाची रिकामी पिंपं पडलेली असायची. त्यातलं एक लहानसं पिंप त्यांनी मागून आणलं. लोहारानं त्याला पुढून झाकणाचं दार केलं, खाली राख काढायला दुसरं छोटं दार, मधे सळयांची जाळी, आणि वर धुरासाठी पत्र्याचा नळ. आतून मी स्वतः विटांचे तुकडे आणि भुसा घातलेली माती थापली, चार बोटं जाड, म्हणजे पत्रा लाल होऊन कुणाला चटका बसायला नको.

सासऱ्यांनी ते धूड बैलगाडीतून उतरताना पाहिलं आणि खाटेवर बसल्या बसल्या म्हणाले, “सुनबाई, आते रूळ बी टाकी दे. गाडी दोंडाईचाले जाई का सुरतले?”

“तुम्ही तिकीट काढा, मामा, मग सांगते,” मी म्हटलं.

त्या दिवसापासून अख्ख्या गल्लीत त्या भट्टीचं नाव ‘इंजिन’ पडलं. पडू दे. मला नावाशी काय करायचंय?

बसवायचं काम मी कुणावर सोडलं नाही. भट्टी भिंतीपासून हातभर लांब ठेवली आणि बाजेपासून त्याहून लांब, खाली विटांचा ओटा करून. नळ वर धाब्यातून काढायचा, तर धाब्याला सगळी लाकडं. तापलेला पत्रा लाकडाला टेकला की आज नाही तर उद्या घर पेटणार. म्हणून मी एका फुटक्या डेऱ्याचा गळा घेतला, तो धाब्याच्या भोकात मातीनं बसवला आणि नळ त्या गळ्यातून वर नेला. मातीचं भांडं आगीला घाबरत नाही, लाकूड घाबरतं. वर गेले तर धाब्यावर सासऱ्यांनी पऱ्हाट्यांची गंजी रचून ठेवलेली, नेमकी तिथंच. कपाशीची वाळकी झाडं ती, एक ठिणगी पुरे. ती गंजी मी सगळी दुसऱ्या टोकाला हलवायला लावली. सासरे कुरकुरले. मी म्हटलं, घर जळलं तर मग कुरकुरायला खाट कुठे टाकाल? मग स्वतःच चार मोळ्या उचलल्या त्यांनी, बिचाऱ्यांनी.

हा झाला धूर जायचा रस्ता. आता वारा यायचा. त्यासाठी मी बाहेरच्या भिंतीत, जमिनीलगत, मूठ जाईल एवढं भोक पाडायला काढलं, अगदी भट्टीच्या मागे. म्हणजे गार वारा आत येईल तो थेट भट्टीकडेच जाईल, बाजेकडे वळणार नाही. पहार भिंतीला लावली आणि आत्याबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“हाई काय करी ऱ्हायनी?”

मी सांगितलं. भट्टी खोलीतला वारा ओढते आणि नळातून वर टाकते. तिला बाहेरून नवा वारा मिळाला नाही तर नळ ओढायचा थांबेल, आणि जे वर जायचं ते खोलीतच पसरेल. मी अगदी नीट, न रागावता सांगितलं, जे मला फार जमत नाही.

“धूर जावाले नळी शे ना?” त्या म्हणाल्या. “मंग आनखी भोक कसाले? बाळंतीनले वारा लागी.”

मी फाटकावरच्या माणसाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, त्याला भुतानं घेतलं असेल, रुळाकडे भुतं असतात. मी म्हटलं, माझे वडील स्वतः बघून आले होते. त्या म्हणाल्या, तुझे वडील बाळंत झाले होते का कधी? पहार हातात धरून मी नुसती धुमसत होते.

आणि मग मला सुचलं.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “पाचवीले सटवाई येस ना?”

“येस तर.”

“तुम्ही दार बंद करी दिधं, झरोका बुजी दिधा. मंग ती येई कथाईन?”

“ती देवी शे. तिले दार कसाले?”

“देवीले बी वाट लागस. नही सापडनी, तर पोरनं कपाळ कोरंच ऱ्हाई जाई.”

आत्याबाई भोकाच्या जागेकडे बघत राहिल्या. कोरं कपाळ ही कल्पना त्यांना सहन होण्यातली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटी म्हणाल्या, “मंग ठेव. पन लहान ठेव.”

मी खोटं बोलले. त्याची लाज मला तेव्हा नव्हती आणि आजही नाही. कामाचं खोटं शंभर खऱ्यांना भारी पडतं. मी पहार मारली, भोक पाडलं, उंदीर शिरू नये म्हणून त्यात लोखंडी जाळीचा तुकडा बसवला. आत्याबाईंनी लगेच त्या भोकाच्या दोन्ही बाजूंना हळदी-कुंकवाची बोटं ओढली. मी मनात म्हटलं, ओढा हो, पाहिजे तितकी ओढा, भोक उघडं राहिलं म्हणजे झालं.

नणंद यायच्या आधी मी भट्टी पेटवून बघितली. नवीन भट्टी आणि नवीन सून, दोघींना पहिल्याच दिवशी जोरात कामाला लावू नये. आतली माती ओली असते, एकदम आग घातली की तडकते. म्हणून पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त. पहिल्यांदा काडी लावली तेव्हा सगळा धूर फिरून माझ्याच तोंडावर आला. दारात आत्याबाई उभ्या होत्या.

“देखं?” त्या एवढंच म्हणाल्या. फार समाधानानं म्हणाल्या.

मला ते अपेक्षितच होतं. गार नळ धूर ओढत नाही, आधी त्याला तापवावं लागतं. मी ज्वारीच्या कडब्याची पेंढी मोडून मूठभर पाचट नळाच्या बुडाशी धरलं आणि पेटवलं. क्षणभर काही नाही, आणि मग नळ ‘हूं’ करून बोलायला लागला. खोलीतला धूर भराभरा मागे फिरला आणि वर गेला. सासरे बाहेरून ओरडले की धाब्यावर धूर निघतोय. मी आत्याबाईंकडे वळून ‘देखं?’ म्हणणार होते. म्हटलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

मग मी भट्टीत ओला निंबाचा पाला टाकला. त्याचा पांढरा दाट धूर होतो. दिवा हातात घेऊन नळाचा प्रत्येक सांधा बघत फिरले. एका ठिकाणी, जिथे नळ वळत होता, तिथून बारीक धूर निघत होता. तिथे माती आणि शेण कालवून लिंपलं, वाळल्यावर परत पाला जाळला, तेव्हा कुठे मन भरलं. शेवटी मी कपाशीच्या बोंडातला बोटभर कापूस घेतला, दोऱ्याला बांधला आणि तो दोरा भिंतीतल्या त्या भोकासमोर टांगला. बाहेरचा वारा आत येऊ लागला की कापूस आतल्या बाजूला उडायचा, थरथरायचा. माझी दोन्ही पोरं तिथं बसून तो कापूसच बघत राहायची.

“हाऊ कापूस हालस तोवर सगळं बरं शे,” मी आत्याबाईंना दाखवलं. “थांबना, की माले हाक मारज्या.”

“हालस ना, देखं मी,” त्या म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष कापसाकडे नव्हतं, हळदी-कुंकवाकडे होतं.

नणंद आली. दमणीतून उतरली ती थेट माझ्या गळ्यात. मग आत जाऊन भट्टी बघून एवढी हसली, एवढी हसली, की आत्याबाई म्हणाल्या, आता इथंच बाळंत होशील. झाली नाही, पण फार दिवस गेलेही नाहीत. मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, मुठी आवळून रडणारी. सुईण म्हणाली, हिचा आवाज पार प्रकाशाच्या घाटावर जाईल. भट्टीत बाभळीचे निखारे होते, खोली अशी उबदार की नणंदेनं गोधडी बाजूला सारली. कापूस हलत होता. त्या दिवशी मला जे वाटलं ते सांगते: मला माझा अभिमान वाटला. वडिलांना कळवावंसं वाटलं.

मग पाचवी आली. आत्याबाईंनी संध्याकाळी खोलीत पाटा मांडला, त्यावर हळद-कुंकू, दिवा, ज्वारीची रास, आणि सटवाईला लिहायला कोरा कागद आणि बोरू. सगळं त्या भोकाजवळच मांडलं, देवीला आल्या आल्या सापडावं म्हणून. मी बघत होते आणि मला हसू येत होतं. नणंदेनं माझ्याकडे बघून डोळा मारला.

सकाळी उठून मी धुणं घेऊन नदीवर गेले. बाळंतिणीचं धुणं म्हणजे डोंगर. तापीचं पाणी हाडं गोठवणारं, पण ऊन चांगलं पडलं होतं, बरोबर दोन बायका होत्या, गप्पा झाल्या. परत आले तेव्हा उन्हं बरीच वर आली होती. अंगणात धुणं वाळत घालताना मला कसंतरीच झालं. काय झालं ते आधी कळेना. मग कळलं. घर शांत होतं. पोरीची दूध प्यायची वेळ होऊन गेली होती आणि प्रकाशाच्या घाटापर्यंत जाणारा तो आवाज ऐकू येत नव्हता.

आत्याबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या.

“पोर रडनी नही का?” मी विचारलं.

“नही. कितली निवांत निजेल शे. दोन्ही मायलेकी.” आणि त्या हसल्या. “माय बी उठनी नही अजून.”

मी हातातलं धुणं तिथंच टाकलं.

दारावरची गोधडी ओढली आणि आत गेले. नळ बोलत नव्हता. निखारे होते, पण मंद, मरगळलेले. कापूस दोऱ्यावर सरळ लोंबत होता, हलत नव्हता. त्याच्यापुढे भोकच नव्हतं. चिंध्या कोंबून, वरून शेणामातीनं गुळगुळीत सारवून टाकलं होतं, आणि त्या सारवणावर नव्यानं हळदी-कुंकवाची बोटं ओढली होती.

“हाई कोनी बुजं?”

“मी बुजं,” आत्याबाई माझ्या मागून म्हणाल्या. “सटवाई लिखीसन गयी. आते उघडं कसाले?”

बरोबर होतं त्यांचं. अगदी बरोबर. मी सांगितलेल्या गोष्टीवर त्यांनी पूर्ण विश्वास ठेवला होता. देवी यायची होती म्हणून वाट ठेवली, देवी येऊन गेली, वाट बंद केली. खोटं बोलायचं तर पुरं बोलावं, मी अर्धंच बोलले होते.

नणंदेचा चेहरा लाल होता, चांगल्या झोपेत असतो तसा. मी तिच्या गालावर चापट मारली. डोळे उघडले, पण माझ्याकडे बघून तिला मी कोण ते कळलं नाही. पोर तिच्या कुशीत. मी आधी पोर उचलली. मान अशी गळली, कापडासारखी.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. हात दोन्ही चौकटीला लावून.

“तिले भाईर नको काढू. वारा लागी.”

“दार सोडा, आत्याबाई.”

“वारा लागी, पोरी. पाचवीना दुसरा दिन शे.”

मी सासूला हात लावला. आयुष्यात एकदाच. खांद्यानं असा धक्का दिला की त्या ओसरीच्या खांबावर जाऊन आदळल्या, आणि मी पोरीला घेऊन अंगणात, निंबाखाली, उघड्यावर, उन्हात, वाऱ्यात. सासऱ्यांना ओरडून बोलावलं, पोर त्यांच्या हातात दिली, तोंडावर वारा येऊ द्या म्हटलं, आणि परत आत. नणंदेच्या काखेत हात घालून तिला ओढत आणली. तिचे पाय चालत नव्हते. उंबरठ्यावर तिला ठेच लागून अंगठ्याचं नख उलटलं, तिला कळलंही नाही. निंबाखाली तिला बसवली आणि ती तिथंच भडाभडा ओकली. मग डोकं धरून म्हणाली, “वहिनी, मन्हं डोकं फुटी ऱ्हायनं.” देवाशपथ, मला त्या वेळी त्या ओकण्याइतकं आणि त्या डोकेदुखीइतकं गोड काही वाटलं नसेल.

पोर मात्र गप्प होती. सासरे तिला हातावर घेऊन उभे होते. मी तिच्या तळपायावर टिचकी मारली. पुन्हा मारली. पाठ चोळली. नदीवरून वारा आला, त्याच वाऱ्यानं तिचं जावळ उडालं. आणि मग तिनं तोंड वाकडं केलं, एकदा उचकी दिली, आणि बारीक आवाजात, मांजराच्या पिल्लासारखी, रडायला लागली. थोड्या वेळानं मोठ्यानं. मग तर थांबेचना. गल्लीतल्या बायका धावत आल्या आणि बाळंतीण उघड्यावर बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, लावा पदर, आणि जरा लांब उभ्या राहा, वारा अडवू नका.

आत जाऊन मी निखारे बाहेर काढले, झरोक्यातल्या चिंध्या ओढून टाकल्या आणि पहारीनं ते सारवलेलं भोक पुन्हा फोडलं. हातात बळ होतं तेवढं सगळं लावलं. कुंकवाचे ढलपे जमिनीवर पडले. बाहेर आले तेव्हा आत्याबाई ओसरीवर, खांबाला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. सासूला धक्का दिला, बाळंतिणीला उघड्यावर आणली, देवीचं कुंकू फोडलं. मी उत्तरं तयार ठेवली होती. एक-एक असं तयार होतं की त्यांना परत बोलता आलं नसतं.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. निंबाखाली रडणाऱ्या पोरीकडे बघत होत्या.

“मन्ही पोर बी अशीच निजेल व्हती,” त्या म्हणाल्या. “मी म्हनं, निवांत शे, निजू द्या तिले.”

पहार हातात होती, ती मी खाली ठेवली.

“मंग सटवाईनी नही लिखं ते?” त्यांनी विचारलं. आता माझ्याकडे बघून विचारलं. “पोरी, सांग ना. तिनी नही लिखं?”

“माले नही माहीत,” मी म्हटलं.

त्या घरात मी कधी ‘मला माहीत नाही’ म्हटलं असेल तर तेवढंच. आणि तेही खोटं. त्यांनाही ते कळलं असणार, कारण त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काही विचारलं नाही. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. खांबावर आपटून त्यांचं कोपर सोललं होतं, त्यावर मी पदर दाबून धरला. त्यांनी हात ओढून घेतला नाही. समोर ती पोर घसा फाटेस्तोवर रडत होती, आणि तिला कुणीच गप्प केलं नाही.

भट्टी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटली. मीच पेटवली, नळ तापवून, कापूस बघून. नणंद सव्वा महिना तिथंच राहिली, अंगठ्याचं नख सोडलं तर अंगावर काही ओरखडा न घेता. तिची ती पोर आज चार लेकरांची आई आहे आणि तिचा आवाज अजून तसाच आहे.

आणि आत्याबाई? त्या वर्षापासून गल्लीत, मग गावात, मग नदीपलीकडच्या नात्यात, कुठेही बाळंतपण झालं की त्या जायच्या. लुगडं वर खोचून, काठी टेकत. खोलीत गेल्या की बाळ नंतर, आधी भिंत बघायच्या. “सटवाईनी वाट कोठे शे?” नसली तर तिथंच बसून राहायच्या, भोक पाडल्याशिवाय उठायच्या नाहीत. कुणी म्हणालं, की आजी, पाचवी तर होऊन गेली, देवी लिहून गेली, तर त्या म्हणायच्या, “सटवाई भुलक्कड शे. लिखेल इसरी जास. परत परत येस ती, सव्वा महिना येस.”

माझं अर्धं राहिलेलं खोटं त्यांनी पुरं केलं. आता आमच्याकडे तीच रीत आहे. नव्या सुनांना वाटतं, ती पूर्वापार चालत आली.

भोक पडलं, की आत्याबाई कनवटीतून कापूस काढायच्या, दोऱ्याला बांधून भोकासमोर टांगायच्या आणि बघत बसायच्या. घरच्यांनी चहा आणला तरी हात लावायच्या नाहीत. कापूस हलला, की मग बाळाला मांडीवर घ्यायच्या. आणि ते रडलं नाही, तर त्याच्या तळपायावर हळूच टिचकी मारायच्या.